हाती टॅब, समोर फळा : एका माध्यमिक शाळेतील प्रकल्प नोंदी

१७ जून

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला दिलेले वीस टॅब आठवी ते दहावीच्या वर्गांत कशासाठी आणि किती वेळ वापरावेत, हे ठरवण्याचे काम मुख्याध्यापिका बाईंनी माझ्याकडे आणि मराठीच्या सहकारी बाईंकडे सोपवले आहे. त्या कामाच्या या नोंदी. आमची शाळा करवीर तालुक्यात, कोल्हापूर शहराला लागून आहे. मराठी माध्यम, अनुदानित तुकड्या आणि एका वर्गात पन्नासच्या आसपास मुले. म्हणजे प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र टॅब ही गोष्ट आधीच निकालात निघते, आणि मला ती इष्टही वाटत नाही. एका बाकावरील तिघांत एक टॅब असा हिशेब धरला, तर सतरा-अठरा टॅब वर्गात फिरतील आणि दोन-तीन राखीव राहतील.

शिक्षक कक्षात आज या विषयावर बराच काथ्याकूट झाला. निवृत्तीला आलेल्या एका सरांनी, "आता फळा पुसायचं काम तेवढं आमच्याकडं राहणार," असा टोमणा मारला. टोमणा बाजूला ठेवला तरी त्यामागची शंका रास्त आहे. वर्गात यंत्र आले की मुले रमतात हे खरे. पण ती यंत्रात रमली की विषयात, हे लांबून ओळखू येत नाही. म्हणून प्रत्येक तासानंतर मी स्वतःला एकच प्रश्न विचारायचे ठरवले आहे : टॅब नसता, तर या मुलांच्या डोक्यात काय चालले आहे ते मला कळले असते का?

२४ जून

ॲप निवडताना तीन अटी घातल्या. जाहिराती नसाव्यात, मुख्य काम इंटरनेटशिवाय चालावे आणि मुलांचे नाव, छायाचित्र किंवा फोन नंबर मागितला जाऊ नये. या अटींत बसणारी ॲप्स थोडीच निघाली. भूमितीसाठी जिओजेब्रा घेतले. त्याची सुरुवात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात केली होती. विज्ञानातील आभासी प्रयोगांसाठी फेट आहे. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोराडो विद्यापीठात ते सुरू केले आणि त्यातील बरेच प्रयोग मराठीतही उपलब्ध आहेत. टॅबमधील मायक्रोफोनसारख्या संवेदकांना मोजमापाचे साधन बनवणारे फायफॉक्स हे जर्मनीतील आखेनच्या विद्यापीठाने तयार केलेले ॲप तिसरे. चौथा टॅबमध्ये आधीपासूनच असलेला ध्वनिमुद्रक, ज्याची गणना कोणी ॲपमध्ये करत नाही.

बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड ज्या 'दीक्षा' मंचाकडे नेतात, तो ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाला. तेथील चित्रफिती आम्ही वापरू, पण प्रोजेक्टरवर, सगळ्या वर्गाने एकत्र पाहण्यासाठी. वीस टॅबवर एकाच वेळी चित्रफिती लावल्या, तर शाळेचे वाय-फाय मान टाकेल.

टॅब प्रयोगशाळेच्या लोखंडी कपाटात राहतील. शाळा सुटताना ते मोजून आत ठेवायचे, चार्जिंगला लावायचे आणि वहीत दोन गटप्रमुखांची सही घ्यायची, हे शिपाईमामांशी बोलून नक्की झाले.

१ जुलै

पालक सभा. अपेक्षेप्रमाणे पहिला प्रश्न एका आईने विचारला : "लॉकडाऊनमध्ये अभ्यासासाठी म्हणून मोबाईल दिला, तो अजून हातातनं सुटंना. आता शाळेत पण तेच का?" सभेतील निम्म्या माना डोलल्या. टॅब घरी जाणार नाहीत, एका तासात पंधरा मिनिटांहून अधिक वेळ ते उघडे राहणार नाहीत आणि ठरलेल्या ॲपखेरीज दुसरे काही उघडता येणार नाही, एवढे मी स्पष्ट सांगितले. युनेस्कोचा २०२३ चा जागतिक शिक्षण अहवाल नेमका याच विषयावर होता. सुमारे एक चतुर्थांश देशांनी शाळेत स्मार्टफोनवर बंदी घातल्याची नोंद त्यात आहे, आणि तंत्रज्ञानाने शिकण्याला मदत होत असेल तेव्हाच ते वर्गात असावे, ही त्याची भूमिका आहे. पालकांची काळजी जुनाट नाही, हे त्यावरून त्यांनाही जाणवले असावे.

संमतीपत्रावर मात्र थोडा वेळ गेला. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो, त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागतो आणि मुलांवर पाळत ठेवण्यास किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई करतो. त्यामुळे जेथे मुलांची यादी भरावी लागेल तेथे हजेरीपत्रकातील क्रमांकच भरायचे, नाव कोठेही नाही, असे ठरले. कोणत्या क्रमांकाचे मूल कोणते, हे फक्त आमच्या हजेरीपत्रकाला माहीत असेल.

८ जुलै

नववीत वेगाला गुण देणाऱ्या एका लोकप्रिय प्रश्नमंजुषेची चाचणी घेतली. वर्ग अक्षरशः उभा राहिला. टाळ्या, शिट्ट्या, "लई भारी!" असा जल्लोष, आणि शेजारच्या वर्गातून आलेला निरोप : आवाज कमी करा. तास यशस्वी झाला, असे पाहणाऱ्या कोणालाही वाटले असते.

नंतर उत्तरांची यादी पाहिली, तेव्हा चित्र निराळे दिसले. मराठीतील दोन ओळींचा प्रश्न वाचायला ज्यांना वेळ लागतो, ती मुले तिसऱ्या प्रश्नापासून वाचण्याच्या भानगडीत पडली नव्हती. पर्याय दिसताच त्यांनी कोणता तरी दाबला होता, कारण उशिरा दिलेल्या बरोबर उत्तरापेक्षा लवकर लागलेला अंदाज फायद्याचा ठरतो. तिघांच्या गटात टॅब ज्याच्या हाती होता, त्याचेच उत्तर गटाचे झाले. पहिल्या पाचांत आलेली मुले तीच होती, जी खडू-फळ्याच्या तासालाही हात वर करतात. म्हणजे ज्यांचे विचार मला आधीच कळत होते त्यांचेच कळले, आणि बाकीच्यांचे झाकले गेले. हा प्रकार उजळणीसाठी, सत्राच्या शेवटी, गंमत म्हणून ठेवावा. शिकवण्याच्या तासाला नको.

१५ जुलै

वरील अडचणीवर तोडगा म्हणून प्लिकर्सची कार्डे छापून घेतली. यात मुलांच्या हाती यंत्र नसतेच. प्रत्येकाजवळ एक कागदी कार्ड, त्यावर क्रमांक आणि काळ्या-पांढऱ्या चौकटींची आकृती. आकृतीच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरे इतक्या बारीक टाइपात असतात, की मागच्या बाकावरून ती वाचता येत नाहीत. जे उत्तर वाटते ते अक्षर वरच्या बाजूला येईल असे कार्ड धरायचे. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कोणत्या क्रमांकाने काय उत्तर दिले, ते त्याच्या पडद्यावर उमटते. चाळीस कार्डांचा नेहमीचा संच आमच्या तुकडीला अपुरा पडला असता, म्हणून त्रेसष्टचा घेतला. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नये, खिडकीचा उजेड परावर्तित झाला की कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. मंद पृष्ठभागाचे लॅमिनेशन किंवा जाड कागद पुरतो.

कार्डाचा खरा गुण असा, की शेजाऱ्याचे उत्तर पाहून आपले ठरवता येत नाही आणि गप्पही बसता येत नाही. इंटरनेट फक्त एका फोनला लागते. आमच्या परिस्थितीत याहून सोयीचे दुसरे काही मला दिसत नाही.

२६ जुलै

पंचगंगा पात्राबाहेर पडली आहे. नदीकाठच्या गावांतील मुले दोन दिवस आलेली नाहीत आणि आता शाळांना सुट्टी जाहीर झाली आहे. टॅब वरच्या मजल्यावर हलवले.

९ ऑगस्ट

शाळा पूर्ववत सुरू झाली. नववीला आलेखवाचन घ्यायचे होते आणि विषय शोधण्याची गरज नव्हती. कोल्हापुरात पावसाळ्यात लहान मुलालाही दोन आकडे पाठ असतात : राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. आकडे सोयीसाठी पूर्णांकात घेऊन मी एक काल्पनिक आलेख तयार केला. पातळी ३६ फुटांवरून चढत जाऊन ४७ ला पोहोचते, तेथे काही काळ रेंगाळते आणि मग ४६, ४५, ४४ अशी उतरते. आलेख पडद्यावर लावून प्रश्न दिला : शेवटच्या बिंदूपाशी परिस्थिती काय आहे? ए, पातळी धोक्याच्या खाली गेली आहे. बी, पातळी घटत आहे, पण अजून धोक्याच्या वर आहे. सी, पातळी स्थिर आहे. डी, आलेखावरून सांगता येत नाही.

कार्डे वर झाली. निम्म्याहून थोड्या कमी मुलांनी बी धरले होते, जवळपास तितक्याच मुलांनी ए. रेषा उतरू लागली की राशी लहान झाली, ही समजूत पुढे वेग-काल आलेखातही मुलांना नडते. येथे ती एका नजरेत समोर आली, तीही कोणाचे नाव न घेता. मी बरोबर उत्तर सांगितले नाही. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझर यांनी १९९१ च्या सुमारास रूढ केलेली पद्धत अशी आहे, की आधी प्रत्येकाने स्वतः उत्तर द्यावे, मग शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवून द्यावे आणि नंतर पुन्हा उत्तर द्यावे. वर्गातील सुमारे तीस ते सत्तर टक्के उत्तरे बरोबर असतील, तेव्हा ही चर्चा सर्वांत फलदायी ठरते. त्याहून कमी असतील तर शिक्षकाने पुन्हा शिकवावे आणि जास्त असतील तर पुढे जावे.

चार मिनिटे वर्गात नुसता कालवा होता. खिडकीजवळच्या बाकावरील एक मुलगी, जिचे घर नदीकाठच्या गावात आहे आणि जी एरवी तासाला तोंड उघडत नाही, शेजारणीला सांगत होती : "पाणी उतराय लागलं म्हणून कोण घरात जातंय व्हय? चव्वेचाळीसला आमच्या गल्लीत पाणी असतंय." शेजारणीने आलेखावर बोट ठेवून ४३ च्या रेषेपर्यंत आडवी पट्टी लावली आणि मगच कार्ड फिरवले. दुसऱ्या फेरीत बी न धरणारी चार-पाचच मुले उरली. त्यांच्याशी मी तासानंतर बोललो. त्यांपैकी दोघांना प्रश्नातील 'घटत आहे' आणि 'खाली आहे' या दोन गोष्टींतला फरक समजला होता, फक्त उभ्या अक्षावरील एकक वाचता आले नव्हते. हेही मला एरवी समजले नसते.

उरलेल्या वेळात ४७ वरच्या सपाट भागाचा विषय निघाला. पाऊस थांबला तरी पातळी लगेच का उतरत नाही, असे विचारल्यावर राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपर्यंत मुले आपणहून पोहोचली. दरवाजा उघडल्याची बातमी आमच्याकडे पावसाच्या अंदाजापेक्षा अधिक लक्षपूर्वक ऐकली जाते.

प्रश्न चांगला असेल तरच हे जमते. चुकीचा पर्यायही मुलांना मनापासून बरोबर वाटेल असा असावा लागतो, आणि तो सुचण्यासाठी मुले कोठे अडखळतात हे आधी ठाऊक असावे लागते. ॲपमध्ये तयार मिळणाऱ्या प्रश्नांत असे प्रश्न क्वचितच असतात.

२३ ऑगस्ट

सहकारी बाईंनी आठवीत ध्वनिमुद्रक वापरला. तिघांच्या गटाने पाठातील एक परिच्छेद वाचून मुद्रित करायचा, ऐकायचा, कोठे थांबायला हवे होते ते पुस्तकात पेन्सिलने खुणावायचे आणि पुन्हा मुद्रित करायचे. विरामचिन्हे शिकवण्यासाठी याआधी बाईंनी बरेच उपाय केले आहेत. पण स्वतःचा आवाज ऐकताना पूर्णविराम ओलांडून गेल्याचे मुलांच्या स्वतःच्याच लक्षात येत होते. अडखळत वाचणाऱ्या मुलांना सर्वांसमोर उभे राहावे लागले नाही, हा यातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग आहे. मुद्रणे त्याच दिवशी पुसून टाकली. कोपऱ्याकोपऱ्यांत गट बसवले तरी एका खोलीत सतरा गटांचे आवाज मिसळतात, म्हणून अर्धे गट व्हरांड्यात बसवावे लागतात.

१० सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर निम्मे टॅब चार्ज न झालेले निघाले. कपाटातील पट्टीचा फ्यूज उडाला होता. जिओजेब्राचा तास पुढे ढकलून फळ्यावर घेतला. काही बिघडले नाही.

२० सप्टेंबर

दहावी, वर्तुळ. अंतर्लिखित कोनाचे प्रमेय. जिओजेब्रात वर्तुळ काढून त्यावर ए आणि बी हे बिंदू स्थिर ठेवायचे, सी हा तिसरा बिंदू वर्तुळावर बोटाने सरकवायचा आणि कोन एसीबीचे माप पाहत राहायचे. बिंदू सरकतो, त्रिकोणाचा आकार बदलतो, पण कोन हलत नाही. एका गटात तो ५२.३७ अंश होता आणि तसाच राहिला. फळ्यावर हे दाखवताना तीन-चार त्रिकोण काढून "हे सगळे कोन समान असतात" असे सांगावे लागते, आणि मुले ते आमच्या शब्दावर मान्य करतात. येथे कोन बदलावा म्हणून ती हट्टाने बिंदू ओढत होती.

आणि तो बदललाच. सी हा बिंदू बीला ओलांडून दुसऱ्या कंसावर गेला तेव्हा माप एकदम १२७.६३ झाले. "सर, ह्यो कोन उडी मारतोय," अशी तक्रार आली. दोन्ही मापे वहीत लिहायला सांगितली. बेरीज १८० येते हे प्रथम कोणी पाहिले ते कळले नाही, पण काही क्षणांत ते साऱ्या वर्गाला ठाऊक झाले होते. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परांचे पूरक असतात, हे प्रमेय मी पुढच्या आठवड्यात घेणार होतो. ते मुलांच्या हाती आधीच लागले.

येथेच "टॅब पालथे" अशी सूचना दिली. या सूचनेची सवय जुलैपासून लावली आहे : टॅब पडद्याच्या बाजूने बाकावर ठेवायचा आणि हात वहीवर. शंभर ठिकाणी कोन समान दिसला म्हणजे तो नेहमी समान असतो हे सिद्ध होत नाही, आणि बोर्डाच्या परीक्षेत पक्ष, साध्य, सिद्धता लिहावी लागते. केंद्रापासून त्रिज्या काढून समद्विभुज त्रिकोण मिळवणे ही पायरी मुलांना सुचवावी लागली. टॅब त्या बाबतीत काहीच मदत करत नाही. पडद्यावर कितीही वेळ बिंदू सरकवला तरी रचना सुचत नाही, ती कागदावर पेन्सिल टेकवून विचार करतानाच सुचते, असे माझे मत आजच्या तासाने पक्के झाले.

२३ नोव्हेंबर

दिवाळीनंतर नववीचे ध्वनीचे प्रकरण. शनिवारची सकाळची शाळा मुद्दाम निवडली, कारण रस्त्यावरची वर्दळ वाढली की फायफॉक्समधील ध्वनी-घड्याळ हॉर्नच्या आवाजानेही सुरू होते. या घड्याळाला पहिला मोठा आवाज सुरू करतो आणि दुसरा थांबवतो.

मैदानावर टेपने मोजून दहा मीटर अंतरावर दोन टॅब ठेवले. पहिल्या टॅबजवळच्या मुलाने टाळी वाजवायची, साधारण सेकंदाने दुसऱ्या टॅबजवळच्या मुलीने. पहिले घड्याळ पहिल्या टाळीने लगेच सुरू होते, पण दुसरी टाळी त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचते, म्हणून ते जास्त वेळ दाखवते. दुसऱ्याचे उलट : ते उशिरा सुरू होते आणि लगेच थांबते. दोन वाचनांतील फरक म्हणजे ध्वनीला वीस मीटर जायला लागणारा वेळ. घड्याळे जुळवून घेण्याची गरजच नाही, हा यातील चतुरपणा. प्रयोगाआधी प्रत्येकाला अंदाज लिहायला लावला होता, आणि "दोन्ही घड्याळे सारखाच वेळ दाखवतील" असे बहुतेकांनी लिहिले होते.

पहिल्या गटाची वाचने १.४८२ आणि १.४२४ सेकंद आली. फरक ०.०५८, वीस भागिले ०.०५८ म्हणजे सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. पाठ्यपुस्तकात २२ अंश सेल्सिअसला ३४४ दिले आहेत. मुले इतकी खूश झाली की तेथेच थांबायला निघाली होती. पुढच्या गटाचा फरक ०.०६१ आला आणि वेग ३२८ निघाला, त्यानंतरच्याचा ०.०५५ आणि ३६४. कोण चुकले, यावर वाद पेटला. हजारांश सेकंदाच्या फरकाने उत्तर सहा मीटरने हलते, हे एका मुलाने गणित करून दाखवले, आणि मग अंतर वाढवले तर हजारांशाचा फरक कमी जाणवेल, अशी सूचना मुलांकडूनच आली. वीस मीटरवर टाळी ऐकू जाईना, तेव्हा पोषण आहाराची स्टीलची ताटे आणून एकमेकांवर आपटली. फरक ०.११५ आला आणि वेग ३४८ च्या आसपास. त्या सकाळच्या तापमानाला तो योग्यच म्हणावा लागेल.

एका गटाची टाळी दुसऱ्या गटाचे घड्याळ थांबवते, त्यामुळे एका वेळी एकच गट प्रयोग करू शकत होता आणि पन्नास मुलांत दोनच टॅब चालू होते. बाकीचे अठरा कपाटातच राहिले. यंदाचा सर्वांत भरलेला तास हाच झाला.

६ डिसेंबर

आणखी दहा टॅब देण्याची माजी विद्यार्थ्यांची तयारी आहे. मुख्याध्यापिका बाईंनी मत विचारले. नको, असे मी लेखी कळवले. त्याऐवजी प्लिकर्सच्या कार्डांचे आणखी दोन संच, मैदानासाठी पन्नास मीटरची टेप, कपाटातील वायरिंगची दुरुस्ती आणि भूगोलाच्या खोलीत प्रोजेक्टर मिळाला तर अधिक उपयोग होईल. सहकारी बाई अंशतः असहमत आहेत. ध्वनिमुद्रणासाठी दोघांत एक टॅब मिळाला तर प्रत्येकाला वाचनासाठी दीडपट वेळ मिळेल, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते कळवण्यात समाविष्ट केले आहे. टोमणा मारणाऱ्या सरांनी इतिहासाच्या तासासाठी कार्डांचा संच मागून नेला. सनावळ्यांऐवजी कारणांवर प्रश्न काढण्याची अट त्यांनी स्वतःच घातली.

२० डिसेंबर

दहावीची पूर्वपरीक्षा जवळ आल्याने त्यांचे टॅब जानेवारीपासून आठवीकडे जातील. प्रश्नांची वही सर्व शिक्षकांसाठी शिक्षक कक्षात ठेवली आहे. प्रत्येक प्रश्नासमोर पहिल्या फेरीत कोणत्या चुकीच्या पर्यायाकडे मुले वळली ते लिहिले आहे आणि ज्या प्रश्नाला वर्गाने एकमुखाने बरोबर उत्तर दिले, तो खोडला आहे. आठवीच्या घनता आणि तरंगणे या भागासाठी अजून एकही कामाचा प्रश्न सापडलेला नाही. फेटवरील त्या विषयाचा प्रयोग आधी आम्ही शिक्षकांनीच करून पाहायचा आहे, त्यासाठी सोमवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत जमायचे आहे.